अल्लीपूरचे मिरे

अल्लीपुरात नाव काढायचे मार्ग मोजके आहेत. एकरी कापूस सगळ्यांपेक्षा जास्त पिकवावा, ग्रामपंचायतीत निवडून यावं, नाहीतर पोरानं मोठी परीक्षा पास व्हावं. माझी शेती मक्त्यानं दिलेली. निवडणुकीत घरातली सगळी मतं मलाच पडतील याची खात्री नाही. आणि पोरगं पुण्याला असं काहीतरी काम करतं, की ते काय आहे हे त्याच्या आजीला सोडा, मलाही सांगता येत नाही. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला गाव 'सर' म्हणतं, पारावर सरकून जागा करून देतं आणि मग त्याच्या डोक्यावरून आपापसात बोलत राहतं. हिंगणघाट तालुक्यात कुणी केलं नसेल असं काहीतरी करून दाखवायचं, हे माझं पक्कं होतं. काय, तेवढंच ठरायचं होतं.

ते व्हॉट्सअ‍ॅपनं ठरवलं. नुसती हळद खाऊन उपयोग नाही, सोबत मिरे पाहिजेत, असा निरोप आला. असले निरोप बहुधा थापा असतात. हा खरा निघाला. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं पायपरिन २० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा रक्तात उतरणारं कर्क्युमिन २,००० टक्क्यांनी वाढलं. वाचून माझा स्वाभिमान दुखावला. कारण हळद आमची आहे. आमच्याच वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीलाही आहे. म्हणजे रंग आमचा, जाळ आमचा, आणि ते अंगी लागावं म्हणून हात पसरायचा केरळपुढे! आणि ती केरळ एक्स्प्रेस रोज हिंगणघाटच्या रुळांवरून धडधडत जाते, हे आणखी वर.

शिवाय जिल्हा कुणाचा? १९३६ साली गांधीजी सेगावला, म्हणजे आताच्या सेवाग्रामला, राहायला आले आणि स्वावलंबन म्हणजे काय ते इथे बसून देशाला सांगितलं. आता त्यांच्या एकादश व्रतांमध्ये 'अस्वाद' हेही एक व्रत आहे आणि सेवाग्रामच्या स्वयंपाकघरात मसाल्याला मान नव्हता, ही अडचण होती. ती मी वाटणीनं सोडवली. स्वावलंबन मी घेतलं, अस्वाद पवनारच्या विनोबांकडे राहू दिला. एके काळी हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात हिंगणघाट याच नावानं विकला जायचा. अल्लीपूरच्या नावाचा मिरा निदान वर्ध्याच्या बाजारापर्यंत तरी जायला हरकत नव्हती.

मिऱ्याचं बी कुठे मिळतं, हा प्रश्न मला पडलाच नाही. मिरे म्हणजेच बी. किराणा दुकानातून पुडी आणली आणि रात्रभर पाण्यात भिजवली. सकाळी बघतो तर बरेच दाणे तळाशी बसलेले आणि मूठभर वर तरंगत असलेले. ज्याला वर यायचं असतं तो पाण्यातही वरच येतो, असं अनुमान मी काढलं. तरंगणारे दाणे निवडून त्यांना चांगलं शेणखत घातलेल्या कुंड्या दिल्या आणि बुडालेल्यांना फुटक्या टोपल्यात टाकलं.

अनुमान बरोबर ठरलं. टोपल्यात काही उगवलं नाही. कुंड्यांमध्ये मात्र बघता बघता कोंब आले, आणि असे तरतरीत आले की मी त्यांना चढायला बांबूच्या कामट्या रोवल्या. पारावर जाऊन बातमी दिली. मंडळी बघायला आली. त्यांच्यासमोर मी मिऱ्याचा इतिहास उलगडला. ४०८ साली अलारिक नावाचा गॉथ राजा रोमला वेढा घालून बसला, तेव्हा त्यानं सोन्याचांदीबरोबर ३,००० पौंड मिरे खंडणीत मागितले, हे मी शाळेतल्या आवाजात सांगितलं. सगळे थोडा वेळ गप्प होते. मग एकानं विचारलं, "हमीभाव काय होता जी त्याचा?"

कोंब कामटीला शिवत नव्हते. सरळ उभेच वाढत होते. पुढे पानांना कातरे पडायला लागले तेव्हा मी म्हटलं, सुधारित जात असेल. माय ओट्यावर बसून वाती वळत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "पपई होय ते."

पपईच होती. मिऱ्यात वाळलेल्या पपईच्या बियांची भेसळ करतात ही जुनी गोष्ट आहे, आणि ती ओळखायची घरगुती रीतही तितकीच सोपी आहे: दाणे पाण्यात टाकायचे, अस्सल मिरे बुडतात, पपईच्या बिया तरंगतात. म्हणजे मी ही परीक्षा अगदी शास्त्रशुद्ध घेतली होती. फक्त नापास झालेल्यांना वरच्या वर्गात बसवलं होतं. आणि जे अस्सल होते ते तरी काय उगवणार? बाजारातला काळा मिरा हिरवा असतानाच खुडतात, बरेच जण तो मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवतात आणि मग ओलावा १०-१२ टक्क्यांवर येईपर्यंत उन्हात वाळवतात. त्याला कोंब फुटायची वाट पाहणं म्हणजे पापड पुरून उडदाचं पीक धरणं. उगवायला वेलीवर पिकून लाल झालेलं ताजं फळ लागतं. आणि खरं तर मिरे कुणी बियांपासून लावतच नाहीत, फांद्यांपासून लावतात.

बायकोनं पपईची रोपं उपटू दिली नाहीत. मागच्या आवारात, पाण्याच्या टाक्याजवळ, जिथं ती तांदूळ आणि भाज्या धुते, तिथं तिनं ती लावून टाकली. "मिऱ्याचं तुम्ही पहा," ती म्हणाली, "पपईचं मी पाहतो." आमच्याकडे बायाही 'पाहतो'च म्हणतात.

त्यानंतर भाचीच्या सासरी रत्नागिरीकडे लग्नाला जाणं झालं. लग्न कसं झालं ते मला विचारू नका. मांडवामागे सुपारीची बाग होती आणि प्रत्येक सुपारीला मिऱ्याचा वेल बिलगून शेंड्यापर्यंत गेला होता. त्याला कुणी पाणी घालत नव्हतं, कुणी कौतुकही करत नव्हतं. यजमानांना मी विचारलं, याचं काय काय करावं लागतं? ते म्हणाले, "पाऊस पडावा लागतो."

परतताना रोपवाटिका गाठली. तिथल्या माणसानं माझी शिकवणीच घेतली. मिऱ्याच्या वेलाला तीन तऱ्हेच्या फांद्या. बुडातून निघून जमिनीवर पळतात त्या धावत्या. लागवडीला बहुधा याच घेतात. झाडाला मुळांनी धरून वर चढते ती चढती. आणि चढत्या फांदीला बाजूनं फुटतात त्या फळफांद्या. मिऱ्याचे घोस लागतात ते यांनाच. फळफांदी कापून लावली तर ती वर चढत नाही. तिचं बुटकं झुडूप होतं, कुंडीत मावतं, आणि वेलाला तीन वर्षं लागतात तिथं ते वर्षा-दीड वर्षात घोस देऊ लागतं. "घरासाठी हे झुडूपच न्या," तो माणूस म्हणाला.

मी झुडपाकडे पाहिलं. गुडघ्याएवढं. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसलं असतं ते कसं? मला वेल हवा होता, आणि तो कंपाउंडच्या भिंतीवर डोकं काढून एस.टी.तल्या लोकांनासुद्धा दिसायला हवा होता. मी पन्नियूर-१ या जातीची रोपं घेतली. केरळातल्या पन्नियूरच्या संशोधन केंद्रात तयार झालेली, जगातली मिऱ्याची पहिली संकरित जात. दाट सावली तिला मानवत नाही, उजेड लागतो, असं कळल्यावर तर मी दुसरीकडे बघितलंच नाही. उजेडाची अल्लीपुरात टंचाई नाही. निघताना त्या माणसानं एक झुडपाची पिशवी फुकट हातात ठेवली. फुकट होती म्हणून घेतली.

मुंबईहून सेवाग्राम एक्स्प्रेसनं ती रोपं मांडीवर घेऊन आलो. भुसावळनंतर बायकोनं विचारलं, "लग्नातली साडी कुठं ठेवली तुम्ही?" साडी वरच्या बर्थवर रोपांच्या पिशव्यांखाली होती, आणि पिशव्या ओल्या होत्या. बडनेऱ्यापर्यंत आमच्यात बोलणं नव्हतं.

लावणीचा मुहूर्त मात्र मी अचूक साधला. केरळात मिरे लावायचा काळ 'तिरुवातिरा ञाट्टुवेला' नावानं ओळखतात. तिरुवातिरा म्हणजे आपलं आर्द्रा नक्षत्र. जूनच्या २१-२२ तारखेपासून साधारण दोन आठवडे. हे मी मायला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "आर्द्रात पऱ्हाटी लावतेत, तुरी लावतेत, मंग मिरे काहून नाही लावन?" माझा शोध तिला जन्मापासून पाठ होता.

त्या नक्षत्राची केरळात एक दंतकथा सांगतात. पोर्तुगीज मिऱ्याचे वेलच आपल्या देशी न्यायला निघाले. कालिकतच्या झामोरिनचे लोक घाबरून त्याच्याकडे धावले. झामोरिन शांतपणे म्हणाला, वेल नेतील, पण आमचा ञाट्टुवेला कसा नेतील? ही कथा मी तेव्हा वाचली होती आणि मला आवडलीही होती. पोर्तुगीजांची फजिती म्हणून.

पावसाळाभर वेलांनी माझी मान वर ठेवली. दर्शनी भिंतीजवळच्या शेवग्याला ते धरून चढले. पानं तजेलदार, टोकदार, हुबेहूब खायच्या पानासारखी. मिरी, नागवेल आणि पिंपळी ही एकाच कुळातली भावंडं असल्यामुळे तसं होणारच होतं. हे मला ठाऊक होतं, गावाला नव्हतं. "सरांनी पानमळा लावला," अशी वार्ता पसरली. सकाळी फिरायला जाणारे जाता जाता एकेक पान खुडू लागले. एकानं तर चुना-कात लावून, सुपारी घालून, तोंडात टाकलं आणि माझ्याच ओसरीवर येऊन पाणी मागितलं. रामटेकचे पानमळे पाहिलेला दुसरा एक जण म्हणाला, "सर, पान कडक हाये, पण मजा नाही." मी 'हा मिऱ्याचा वेल आहे, पाने खुडू नयेत' अशी पाटी लावली. त्यानंतर खुडणाऱ्यांत शाळेतली पोरंही सामील झाली, कारण आता त्यांना वाचता येत होतं.

हिवाळा बरा गेला. मग मार्च आला.

मिऱ्याला १० ते ४० अंशांमधली हवा चालते, असं पुस्तकात दिलं आहे. आमच्याकडे चाळिसावा अंश एप्रिलमध्येच मागे पडतो आणि मे महिन्यात वर्ध्याचं नाव ४५ च्या पुढे पेपरात छापून येतं. नाव काढण्याचा आमच्या जिल्ह्याचा तो सगळ्यात जुना मार्ग आहे. मिऱ्याच्या मुलखात वर्षाला २,००० ते ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडे हजाराच्या आसपास, तोही चार महिन्यांत उरकून घेतो. मी हिरवी जाळी बांधली. शेवग्याच्या खोडाला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवलं. वेलांची पानं तरीही दुपारी कडांनी भाजायची. कोरड्या हवेला काय करणार? हवा ओली कुठे असते, याचा विचार करत मी ज्या यंत्रासमोर बसलो होतो, ते यंत्र कुलर होतं.

विदर्भात कुलरची दिशा बदलणं ही साधी बाब नाही. घरात कोण कुठे झोपतं, पाहुण्यांची खाट कुठे पडते, याचा जुना करार त्या दिशेवर उभा असतो. मी तो खिडकीतून बाहेर, वेलांकडे तोंड करून बसवला. पहिल्या रात्री माय अंगणात खाट टाकून बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, "मिऱ्याले कुलर लावून देल्ला, मायले सुपडं देल्लं." दुसऱ्या दिवशी पारावर मिऱ्याचा नव्हे, सुपड्याचा विषय होता. लाईट गेली की मी हातपंपानं फवारे मारायचो. कुलरच्या वाळ्यावर बोअरच्या पाण्यातला क्षार पांढरा साचायचा, तसाच तो पानांवरही साचू लागला. पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. मिऱ्याला ५.५ ते ६.५ सामूची किंचित आंबट, पाणी निथळणारी माती लागते. आमची काळी माती चुनखडीची, सामू आठाच्या घरात; तिच्यात लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. कापसाला जिनं पिढ्यान्‌पिढ्या पोसलं, त्या मातीत माझा वेल उपाशी मरत होता, आणि मी त्याला वरून वारा घालत होतो.

त्याच सुमारास अंजनगाव सुर्जीकडचे एक दूरचे पाहुणे आले. अमरावती जिल्ह्यातला तो भाग पानपिंपळीचा. म्हणजे मिऱ्याच्या सख्ख्या बहिणीचं पीक वऱ्हाडच्या उन्हात वर्षानुवर्षं काढणारी माणसं. त्यांनी माझी जाळी पाहिली, गोणपाट पाहिलं, कुलर पाहिला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडं आधी सावली लावतेत. सावली मोठी झाली का मंग वेल." तेवढं बोलून ते कुलरच्या मागच्या बाजूला, जिथून तो गरम हवा ओढतो, तिथं चहा प्यायला बसले. पुढच्या बाजूला जागा नव्हती.

नवतपा लागला. २५ मेपासूनचे ते नऊ दिवस आमच्याकडे माणूससुद्धा दुपारी दिसत नाही. वेल त्यातच गेले. शेवगा राहिला, गोणपाट राहिलं, पाटी राहिली. मला दुःख झालं ते वेलांचं कमी आणि भिंतीवरून आत डोकावून "झालं का जी?" असं विचारणाऱ्यांचं जास्त. तेव्हा मला कळलं की मला मिरे नकोच होते. आमच्या घरात वर्षाला मिरे लागतात किती? पोह्यांत नाही, वरणात नाही. सर्दी झाली की काढ्यात, आणि पाटोडीच्या रश्शाच्या मसाल्यात चिमूटभर. शंभर ग्रॅमच्या पुडीत दोन होळ्या निघतात. मला 'अल्लीपुरात मिरे' ही ओळ हवी होती.

पावसाळा सुरू झाल्यावर एके सकाळी बायकोनं मागच्या आवारातून हाक मारली. "अहो, तुमच्या त्या फुकटच्या झाडाले लोंब्या आल्या."

ती पिशवी मी आणल्या दिवशी टाक्याजवळ ठेवली होती आणि विसरून गेलो होतो. बायकोनं तिच्यातलं झुडूप पालापाचोळा, शेणखत आणि रेती घातलेल्या कुंडीत लावलं आणि कुंडी पपयांच्या मध्ये सरकवून ठेवली. पूर्वेचं कोवळं ऊन तेवढं मिळायचं, दुपारी पपईच्या छत्र्या वर. तांदूळ धुतलेलं पाणी रोज. टाकं भरलेलं, त्यामुळे हवा दमट. अंजनगावचे पाहुणे सांगून गेले ते सगळं तिथं आपसूक झालेलं होतं: आधी सावली, मग मिरे. भेसळीच्या सावलीत अस्सल माल तयार होत होता.

फांद्यांच्या सांध्यांतून बोटभर लांबीच्या नाजूक लोंब्या लटकत होत्या. मिऱ्याचं फूल इतकं बारीक, की ते फुललं हे चष्म्याशिवाय कळत नाही. लागवडीच्या जातींत नर-मादी एकाच फुलात असतात आणि पावसाचं ओघळणारं पाणी परागीभवनाला हात देतं. पुढे हिरवे दाणे धरले. मी पपईखाली खुर्ची टाकून बसू लागलो. पाटी समोरून काढून इकडे आणावी, असं मनात आलं होतं. बायको म्हणाली, "लावून पहा." मी लावली नाही.

पण जुनी खोड जात नाही. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झालेली आहे; शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर पिकाचा फोटो चढवायचा, की त्याची नोंद सातबाऱ्यावर येते. सातबाऱ्यावर 'मिरे'! अल्लीपुराच्या सगळ्या कापूस-तूर-सोयाबीनमध्ये एक ओळ मिऱ्याची! मी पटवाऱ्याला गाठून घरी आणलं. त्यानं खर्रा घोळवत झुडपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पपईकडे.

"सर, हे गावठाण आहे," तो म्हणाला. "इथं सातबारा नसते. ग्रामपंचायतीचा नमुना आठ असते. त्याच्यात घर येते, संडास येते, नळ येते. मिरे नाही येत." जाताना त्यानं एक पपई मात्र मागून नेली.

जानेवारीत एका लोंबीवरचे एक-दोन दाणे लालसर झाले. तीच खुडायची वेळ. दाणे लोंबीवरून चोळून सोडवले, मिनिटभर उकळत्या पाण्यात धरले आणि ताटात पसरून गच्चीवर ठेवले. इथं मात्र मी कोकणाला आणि केरळला हरवलं. वाळवण्यात अल्लीपूरचा हात कुणी धरू शकत नाही. हिरवे दाणे त्याच दिवशी काळवंडले, सालीवर सुरकुत्या आल्या, आणि लवकरच ते बोटांत खडखडू लागले. पाण्यात टाकून पाहिले. सगळे बुडाले. इतक्या आनंदानं कुणाला बुडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

सगळं पीक चहाच्या बशीत मावलं. पारावर न्यायचा मोह झाला होता, पण पारापर्यंत नेताना वाटेत शिंकलो असतो तर उत्पादन शून्यावर आलं असतं. शिवाय मायला सर्दी झालेली. बायकोनं त्यातले दाणे खलबत्त्यात ठेचले, तुळस, सुंठ आणि वायगावची हळद घालून काढा केला. मी वाटी स्वतः मायच्या हातात दिली आणि समोर बसलो. तिनं फुंकर मारून एक घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घोट घेतला. माझ्या मनात पन्नियूर, रत्नागिरी, सेवाग्राम एक्स्प्रेस, कुलर असं सगळं येऊन गेलं.

"कसा लागते माय?"

"अगदी दुकानातल्या मिऱ्यावानी," ती म्हणाली, आणि रिकामी वाटी पुढे करत म्हणाली, "अजून असन तर कर. नसन तर दुकानातून आन."